सुटलेलं पान

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शाळा काही मला सोडत नाही. मध्यंतरी आमच्या डोंबिवलीच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका घरी आली आणि म्हणाली, "बाई, स्मरणिकेसाठी तुमचं शिकवण्यामागचं तत्त्वज्ञान हवंय. दोनशे शब्दांत." मी म्हटलं, "अगं, दोनशे शब्दांत माझी हजेरीसुद्धा संपत नाही." ती हसली, चहा प्याली आणि शेवटी मी सांगितलेलं काहीतरी गुळमुळीत लिहून घेऊन गेली. मुलांवर प्रेम करावं, शिक्षण आनंददायी असावं, असलं. ते फोटोसकट छापून आलं आणि वाचून माझी मलाच लाज वाटली. खाजगी शाळेत चौतीस वर्षं काढली, तीन संस्थाचालक आणि सात मुख्याध्यापक पाहिले, आणि सांगायची वेळ आली तेव्हा दुकानातल्या भेटकार्डासारखं बोलले. खरं काय ते एका श्रावणात घडलं होतं. तेव्हा मी शिक्षिका नव्हते. होईन की नाही, याचाच त्या महिन्यात निकाल लागायचा होता.

आमचं गाव कळवा आणि दिवा यांच्या मधे, खाडीच्या काठावर. आता तिथे पंधरा मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यांना फुलांची इंग्रजी नावं आहेत. तेव्हा मिठागरं होती. माझे बाबा, थोरले काका, सगळं गावच मिठागरात राबायचं. दिवाळीनंतर बांध घालायचे, पाणी घ्यायचं, आणि पुढे उन्हात फावड्यानं मीठ ओढायचं. खारं पाणी पायाच्या भेगांत शिरून आईचे पाय असे झाले होते की ती चालत आली की सारवलेल्या जमिनीवर खरखर आवाज यायचा. मी आत अभ्यास करत असले तरी आई अंगणातून ओटीवर आली हे मला त्या आवाजावरून कळायचं. पावसाळ्यात मात्र मिठागरं पाण्याखाली जात. भातलावणी आटोपली की श्रावणात माणसं मोकळी व्हायची, आणि दुपारी जेवणं झाली की गाव देवळात पोथी ऐकायला जमायचं.

श्रावण आमच्याकडे कडक. महिनाभर मासळी बंद. मासळीवर वाढलेल्या गावात ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे शाकाहारी वाचकांना समजावून सांगणं अवघड आहे. घरोघरी वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, कंटोली, तांदळाची भाकरी. सणावारी हळदीच्या पानातल्या पातोळ्या. पोथीच्या प्रसादाला उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे असत, रोज एकेका घराकडून. आम्ही पोरं लहानपणी पोथीला जायचो ते निव्वळ या चण्यांसाठी. डोळे मिटून भक्तिभावानं बसलेली दिसायचो, पण कान पातेल्याच्या झाकणाकडे असायचे.

पोथीला दोन माणसं लागत. एक वाचणारा आणि एक सांगणारा. वाचणारा ठवणीपुढे, म्हणजे पोथी ठेवायच्या लाकडी घडवंचीपुढे, बसून चालीवर ओव्या म्हणायचा, चार ओव्या झाल्या की थांबायचा, आणि मग सांगणारा त्यांचा अर्थ आमच्या आगरी बोलीत उलगडायचा. माझे बाबा सांगणारे. त्यांना अक्षर येत नव्हतं. तरुणपणी एका म्हाताऱ्या सांगणाऱ्याच्या पायाशी बसून त्यांनी सगळी पोथी कानानं घेतली होती. बाबा सांगायला लागले की कथेतली राणी आमच्याच विहिरीवर पाणी भरायची आणि राजा आमच्याच बांधावरून घसरायचा. पाच गावांतून त्यांना बोलावणं यायचं. वाचणारे होते महादूबुवा, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि त्या वर्षी वाचणार कोण, असा प्रश्न पडला. गावात शिकलेली मुलं होती, पण ती वर्तमानपत्र वाचणारी. जुन्या छापाच्या, सलग ओळींच्या सुट्या पानांपुढे त्यांची गाडी अडायची. मी मात्र लहानपणापासून महादूबुवांच्या मागे बसून पानाकडे बघत ऐकलं होतं.

बाबांनी बैठकीत माझं नाव सुचवलं आणि थोरले काका उसळले. काकांना खलनायक करायचा माझा विचार नाही. आजोबा लवकर गेले, तेव्हा काकांनीच घर ओढलं होतं आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांनी माझ्यासाठी शहाडचं एक स्थळ आणलं होतं, मुलगा कारखान्यात कायम होता. मला ठाण्याच्या अध्यापक विद्यालयात जायचं होतं. दहावीचे मार्क चांगले होते, अर्ज भरला होता, यादी श्रावण सरता सरता लागणार होती. काका म्हणत, "पोरगी ठान्याला जाऊन मास्तरीन होनार, आनि आपल्याला काय शिकवनार?" बाबा त्यांच्यापुढे कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "दादा, महिनाभर गावापुढं वाचू दे तिला. नीट पार पडला तर ठान्याला जाऊ दे. वाचन मोडला, तर तू बोलशील तसा."

वाचन मोडणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. पोथीची पानं सुटी असत. वाचून झालेलं पान उलटून पलीकडे ठेवायचं आणि अध्याय संपेपर्यंत त्याला परत हात लावायचा नाही, असा नियम होता. पान मागे फिरवलं किंवा मधलं सुटलं, तर वाचन मोडलं. देवापुढे नारळ फोडायचा आणि वाचणारा बदलायचा. माझ्यापुरता याचा अर्थ अगदी साधा होता. सगळी पानं सरळ गेली तर ठाणे, एखादं चुकलं तर शहाड. शहाडबद्दल माझा काही राग नाही, पुढे माझे कितीतरी विद्यार्थी तिथे राहायला गेले. पण त्या वर्षी ते नाव निघालं की मी उठून विहिरीवर जायची.

पहिले बारा दिवस मी पोथी अशी वाचली की विचारू नका. आंघोळ करून, केस घट्ट बांधून, ठवणी स्वतःच्या हातानं पुसून बसायची. आवाज मोठा, उच्चार शाळेतल्या बाईंसारखे. खरं सांगते, मला गर्वच चढला होता. बाबा अर्थ सांगताना ओवीत नसलेल्या गोष्टी घालत, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांचे मार्क कापायची. राणीनं नेसलेल्या लुगड्याचा काठ कसा होता, हे पोथीत कुठे होतं? मूळ शब्द माझ्याकडे, आणि माणसं बघायची बाबांच्या तोंडाकडे. सोळा वर्षांच्या मुलीला हे किती लागतं!

तेराव्या दिवशी अध्याय होता वाट चुकलेल्या राणीचा. राज्य गेलं, रान लागलं, पाऊस कोसळतोय आणि राणीला लांब एक झोपडी दिसते. तिथे पान संपलं. मी ते उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं. राणी आता राजवाड्यात होती आणि लाकूडतोड्याच्या बायकोला आणायला पालखी पाठवत होती. मी दोन ओव्या म्हटल्या आणि माझ्या लक्षात आलं की हा लाकूडतोड्या आला कुठून? खाडीच्या दमट हवेनं दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि मी ती एकदम उलटली होती. हात मागे नेला तर सगळ्यांना दिसणार. मी तशीच उरलेल्या दोन ओव्या म्हणून थांबले आणि बाबांकडे न बघता खाली बघत बसले.

बाबांनी सांगायला सुरुवात केली. ते झोपडीपाशी गेले. लाकूडतोड्याच्या बायकोनं दार कसं उघडलं, समोरच्या भिजलेल्या बाईला ओळखलं नाही तरी आत कसं घेतलं, घरात एकच भाकरी होती तिचे दोन तुकडे कसे केले आणि त्यातला मोठा तुकडा पुढे कसा सरकवला, ते सगळं त्यांनी सांगितलं. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मग बाबा हळूच पालखीवर आले आणि थांबले. मी पुढचं वाचलं. कुणालाही काही कळलं नाही. काका तर मान डोलावत होते.

आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला. मी काय वाचते याच्याशी या माणसाला काही देणंघेणंच नाही! पाठ केलेली गोष्ट म्हणतोय झालं. मी उद्या दूधवाल्याचा हिशेब वाचला, तरी हा राणीचीच गोष्ट सांगेल. घरी आल्यावर मी बाबांना ते तोंडावर बोलले. त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. आई चुलीपुढून उठून आली.

"तुम्ही ऐकतच नाही मी काय वाचते ते," मी म्हटलं. "माझं अख्खं पान सुटलं आज. तुम्हाला पत्तासुद्धा नाही."

बाबा पाय धूत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ऐकला म्हनून तर सांगितला, वने. तू झोपडीवरशी एकदम पालखीवर आयलीस. मधी भाकर कोन देनार? भाकर दिल्याबिगर पालखी कनाला येल?"

मी विचारलं, "मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"तवा सांगितला असता, तर तू घाबरली असतीस. मंग पुढली चार पाना पन जेली असती. आनि ती मानसा आयलेली ऐकायला. त्यांचा काय गुन्हा?" त्यांनी पंच्यानं पाय पुसले. "त्यांना गोष्ट भेटली. पन ते पानातल्या ओव्या वाचल्याबिगर र्‍हायल्या, त्या र्‍हायल्याच. ता पान तुजा हाय. बोलायचा का नाय, ता तूच बघ."

आई लगेच म्हणाली, "काय बोलायचा नाय! देवाला कलला, तुझ्या बापाला कलला, बस झाला. आदी ठान्याला जा. मंग काय तो नारल फोड." आई खोटं बोलणारी बाई नव्हती. पण तिनं आपले पाय पाहिले होते आणि माझे पाय तसे होऊ नयेत, यासाठी ती देवाशीसुद्धा लबाडी करायला तयार होती. आज मला तिच्याबद्दल अतोनात माया वाटते. तेव्हा मात्र ती मला सोपी वाट दाखवत होती आणि मला ती हवीशी वाटत होती, म्हणून मी तिच्यावरही चिडले.

दुसऱ्या दिवसापर्यंत मी दहादा ठरवलं आणि दहादा मोडलं. कुणालाच कळलेलं नाही, ही गोष्ट किती गोड असते! पण वांधा असा होता की मला शिक्षिका व्हायचं होतं. उद्या वर्गात मुलाचं पान सुटलं, तर त्याला मी काय सांगणार होते? गप बस, कुणी बघितलं नाही? भाकरी थापताना हे माझ्या मनात आलं आणि माझं ठरलं. ठरल्यावर भीती गेली, असं काही झालं नाही. भीती तशीच राहिली, पण पाय देवळाकडे चालायला लागले.

त्या दिवशी श्रावणी सोमवार, देऊळ भरलेलं. मी ठवणीपुढे बसले आणि पोथीचं कापड सोडायच्या आधीच म्हणाले, "काल माझ्या हातून एक पान सुटलं. झोपडीचं. बाबांनी सांभाळून घेतलं. पण मी ते वाचलेलं नाही." बायकांत कुजबुज झाली. काका उभे राहिले. ते ओरडले नाहीत, उलट अगदी शांतपणे म्हणाले, "वाचन मोडला. आता बोलायचा काय र्‍हायला? नारल आना." मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्या बाजूनं बोलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. तेच बोलले तर बापानं लेकीची बाजू घेतली असं झालं असतं. मी उठायला लागले.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले महादूबुवा बोलले. त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून ते भलत्याच दिशेला तोंड करून बोलत होते. "नारल आनताव तर एक नको, गोनभर आना. माझी चालीस वर्सांत किती पाना सुटली, मनाच ठाव नाय. डोला लागायचा माजा, दुपारचा! ह्यो हिचा बापूस, तुकाराम, दरवेली मधली गोष्ट सांगून मना घेऊन जायचा. मी कवा बोललो नाय. ही पोरगी एका पानाला बोलली." मागून कुणीतरी फसकन हसलं आणि सगळं देऊळ हसायला लागलं. चाळीस वर्षं ज्यांच्या वाचनावर गाव डोळे मिटून विसंबलं होतं, ते बुवा झोपा काढत होते! आणि बाबांनी त्यांची ही गोष्ट कधी घरातसुद्धा काढली नव्हती. काका मात्र हसले नाहीत. ते खाली बसले, एवढंच.

एक म्हातारी म्हणाली, "वाच गो ता पान. नुसती भाकर आयकली, ओव्या आयकू दे." मी कालचं पान काढून वाचलं. उच्चारांची ऐट गेली होती. वाचून थांबले आणि बाबांच्या सांगण्याची वाट बघू लागले. बाबा म्हणाले, "आज तूच सांग."

मी शाळेच्या भाषेत सुरू केलं. "तेव्हा त्या दयाळू स्त्रीने राणीचे स्वागत केले आणि..." मी दोन वाक्यं बोलले आणि समोर बघितलं. सगळ्यांचे चेहरे मला माहीत असलेले, आणि सगळे परके झालेले. जो तो आपली मान डोलावत होता. आज मी तो चेहरा लांबून ओळखते. वर्गात "समजलं का?" म्हटलं की पन्नास पोरं एका सुरात "हो" म्हणतात, तेव्हाचा तो चेहरा. पुढे चौतीस वर्षांत मी तो प्रश्न कधी विचारला नाही. मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले आणि मी तो विचारावा अशी त्यांची अपेक्षा असली, तरीही नाही. त्यापेक्षा एखाद्याला म्हणायचं, तू शेजारच्याला तुझ्या शब्दांत सांग. वेळ जातो, पोर्शन मागे पडतो, बोलणी खावी लागतात. मी ती पुष्कळ खाल्ली आहेत.

त्या दिवशी ती म्हातारी म्हणाली, "पोरी, तू कोनाला सांगतंस?" आणि मी रडायच्या बेतात असताना मला आमची आई दिसली. ती मागे दाराशी बसली होती, माझ्यावर भयंकर रागावलेली. मी मग फक्त तिला सांगायला लागले. घरात ती बोलते तसं. दार लोटला, समोर बाय भिजलेली, अंगावर धड लुगडा नाय, आनि घरात एकच भाकर. काठ कसा होता तेसुद्धा माझ्या तोंडून आपोआप आलं. आईचा राग काही लगेच गेला नाही, पण ती ऐकायला लागली. त्यानंतर मी कितीतरी पाठ दिले, त्यांतल्या काहींचं कौतुकही झालं. पण मी शिकवते म्हणजे काय करते, हे मला त्या दुपारी आईकडे बघताना कळलं.

माझी पोथीवर श्रद्धा आहे का, असं माझी नात विचारते. मी देवळात फारशी जात नाही. राजवाडे, पालख्या खऱ्या होत्या असं मला वाटत नाही. पण ऐकायला बसलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, यावर माझी श्रद्धा आहे, आणि ती देवावरच्या श्रद्धेपेक्षा कमी आहे असं मी मानत नाही. बाबांनी मला चूक झाकायला शिकवलं नाही आणि चुकणाऱ्याला उघडं पाडायलाही शिकवलं नाही. या दोन्हींच्या मधे जी जागा आहे तिथे मी माझी नोकरी केली.

नारळ फुटला का? फुटला. काकांनीच फोडला, मोठा आवाज करून. पण ठवणीपुढून मला कुणी उठवलं नाही आणि महिना पुरा झाला. अध्यापक विद्यालयाची यादी लागली, तीत माझं नाव होतं. शहाडच्या लोकांना कुणी काय कळवलं, मला ठाऊक नाही. काका त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. माझ्याशीच बोलत नव्हते. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की नाही बोलले तर नाही, मी जाणार.

ठाण्याला जायला आठ दिवस उरले होते. मी ओटीवर बसून ट्रंकेवर नाव रंगवत होते. काका अंगणात आले. त्यांनी आपल्या धाकट्या मुलीला, कमळला, दंडाला धरून आणलं होतं. कमळ दहा वर्षांची, चौथीतून शाळा सोडवलेली, आणि तोंड अगदी वाकडं केलेली. काका माझ्याकडे न बघता, ट्रंकेकडे बघत म्हणाले, "तू चाललीस. पुढल्या वर्सी कोन वाचंल? आठ दिस हायेत, हिला शिकव."

मी म्हटलं, "काका, आठ दिवसांत जुना छाप नाही यायचा तिला. पानं सुटतील."

काकांनी कमळचा दंड सोडला. "सुटू दे," ते म्हणाले. "तुझा बापूस हाय ना."